गुरुवारचं दर्शन

"आधी डोळ्यांनी बघ गं, मग त्या डबीतून. देव कुठे पळून चाललाय?"

जयूमावशींचं हे नेहमीचं सांगणं आठवलं आणि प्रतिभाने डोळ्याला लावलेला कॅमेरा खाली घेतला. समोर देव नव्हता. उज्जैनच्या फ्रीगंजमधल्या दुकानाचं काचेचं काउंटर होतं, त्यावर अंथरलेल्या काळ्या मखमलीवर आणखी दोन कॅमेरे मांडलेले होते, आणि पलीकडे दुकानदार सुमीत हाताची घडी घालून उभा होता.

"पसंद नहीं आया, आंटीजी?"

"अच्छा है. हलका है."

"हलकाच पाहिजे," शेजारच्या स्टुलावरून तिचे यजमान गोपाळकृष्ण म्हणाले. "बॅकअप आहे तो. रोज थोडाच वापरायचाय? आणि बॅटरी बघ, तुझ्या जुन्याचीच याला चालते. म्हणजे चार्जर एकच. मी आधी तेच विचारून घेतलं."

त्यांची उभी नोकरी रेल्वेच्या सिग्नल खात्यात गेली होती. रतलामहून बदली होऊन उज्जैनला आले आणि इथलेच झाले. निवृत्तीनंतरही कुठलीही वस्तू एकटी दिसली की ते अस्वस्थ होत. घरात टॉर्च दोन होते, गॅसचे लायटर दोन होते, तुळशीसुद्धा दोन होत्या. एक अंगणात आणि एक, न जाणो, गच्चीवर.

"एका तारेच्या भरवशावर आम्ही गाडी सोडत नव्हतो," बायकोला म्हणता म्हणता ते सुमीतकडे वळले. "एक फेल हुई तो दूसरी तैयार. और यहाँ भगवान का काम एक ही कॅमेरे पे चल रहा है! बताइए."

"बिलकुल सही, अंकलजी. वैसे पुरानेवाले में प्रॉब्लेम क्या आ रही है?"

प्रश्न साधा होता. प्रतिभाने पदर खांद्यावर ओढून घेतला आणि काचेखाली मांडलेल्या लेन्सच्या झाकणांकडे बघत राहिली.

"अटक जाता है," गोपाळकृष्णांनीच सांगितलं. "बटन दबता ही नहीं. हो ना गं? गुरुवारी तसंच झालं ना तुझं?"

"हं."

"साथ में लाए हैं क्या? दिखाइए. छोटी-मोटी चीज होगी तो मैं यहीं ठीक कर दूँगा."

कॅमेरा बरोबर होता, मांडीवरच्या खणाच्या पिशवीत. ती पिशवी तिने स्वतः शिवली होती, आत मऊ फ्लॅनेलचं अस्तर लावून. रोज उघडणारी नाडी आज तिच्या बोटांना सुटेना.

कॅमेऱ्यात काहीही बिघडलेलं नव्हतं.

*

फाल्गुनात जयूमावशी राममंदिराच्या पायरीवरून पडल्या. त्या प्रतिभाच्या सख्ख्या मावशी नव्हत्या, साऱ्या गल्लीच्या मावशी होत्या. मंदिर गल्लीच्या तोंडाशी, त्यांच्या घरासमोरच. लग्न होऊन आल्यापासून त्यांचं दर्शन चुकलेलं नव्हतं. खुब्याचं ऑपरेशन झालं, पण पाय काही पुन्हा धड जमिनीला लागला नाही. प्रतिभा भेटायला गेली तेव्हा त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.

"सगळं मिळतं गं हातात," त्या भिंतीलाच सांगितल्यासारखं म्हणाल्या. "तो तेवढा दिसत नाही."

"मी आणीन ना, मावशी," प्रतिभा बोलून गेली. "तुम्ही उठून चालायला लागेपर्यंत रोजचं दर्शन माझ्याकडे."

नेम धरणं तिला नवीन नव्हतं. सकाळी तुळशीला पाणी, पोथीचा एक अध्याय, सोमवारचा उपास, मार्गशीर्षातले गुरुवार. त्यात हा एक. कॅमेरा तिला मुलाने, रुचिरने, ती शाळेतून निवृत्त झाली तेव्हा पुण्याहून पाठवला होता. राम घाटावरचे पहाटेचे दिवे, पायरीवर पिळून ठेवलेली ओली लुगडी, धुक्यात अर्धी बुडालेली होडी असं काहीबाही काढता काढता तिचा हात बसला. त्या हाताला आता देवाचं काम मिळालं याचा तिला आनंद झाला. थोडा अभिमानही झाला, पण तो ती मनाशीसुद्धा कबूल करत नसे.

सकाळी देवांचा शृंगार झाला की दुपारी बाराला दार लागायच्या आत ती मंदिरात जाई. गाभाऱ्यात फ्लॅश चालत नव्हता. समयांच्या उजेडात श्वास धरून राम, सीता, लक्ष्मण टिपायचे आणि समोर मावशींकडे जायचं. मावशी कॅमेरा दोन्ही हातांत घेत, मागच्या छोट्याशा पडद्यावर डोळे भरून बघत आणि मग पडदाच कपाळाला लावत. घरी आल्यावर प्रतिभा त्यावरचा अष्टगंधाचा ठिपका फडक्याने हलकेच पुसून काढी.

"मोबाइलवर मागवत जाऊ ना," मावशींची सून रजनी सुरुवातीला म्हणाली होती.

"नको बाई. मी हात जोडायचे आणि मध्येच तुझा गॅसवाला बोलायला लागायचा."

असं नीट चाललं होतं. मग हा गेला गुरुवार आला.

शहरातल्या हौशी फोटो काढणाऱ्यांचा एक ग्रुप होता. ती मंडळी पहाटे उंडासा तलावावर निघाली होती. दहापर्यंत परत यायचं ठरलं होतं, म्हणून प्रतिभाही गेली. पाण्यावरून वाफ निघत होती. ऊन वर आलं आणि त्या वाफेतून हंस उतरले, डोक्यावर काळे पट्टे असलेले, कुठून कुठून हिमालयापलीकडून आलेले. उतरले, उठले, पुन्हा उतरले. तिने घड्याळाकडे पाहिलं नाही असं नाही. पाहिलं, आणि डोळा पुन्हा कॅमेऱ्याला लावला.

गल्लीत पोचली तेव्हा मंदिराचं दार लागलेलं होतं. ती तिथे थांबलीसुद्धा नाही. मावशींच्या जिन्यात उभी राहून ती कॅमेऱ्यातले फोटो मागे मागे नेत राहिली. गुरुवारी देवांना पिवळी वस्त्रं असतात, म्हणजे गुरुवारचाच फोटो हवा. गेल्या आठवड्यातला मावशींच्या लक्षात असेल, म्हणून आणखी मागे, आणखी मागे. वैशाखातला एक सापडला. पिवळी वस्त्रं, समईचा उजेड रामाच्या हनुवटीवर. चांगला आला होता तो.

मावशींनी तो पाहिला. रोजच्यापेक्षा जास्त वेळ पाहिला.

"आज उशीर झाला गं."

"कॅमेरा अडकत होता, मावशी. बटणच दबेना."

"हो का," मावशी म्हणाल्या आणि त्यांनी कॅमेरा तिच्या हातात परत दिला.

घरी येऊन पडदा पुसायला घेतला तर तो स्वच्छ होता. थंडीने गंध वाळलं असेल, असं म्हणत तिने फडकं घडी करून ठेवलं. संध्याकाळी महालक्ष्मीची पूजा मांडली, कहाणी वाचली, नैवेद्य दाखवला, उपास सोडला. कहाणी वाचताना तिचा आवाज कुठे अडखळला नाही. हे तिला नंतर, अंथरुणावर पडल्यावर, आठवलं.

गोष्ट तिथेच मिटली असती. पण मावशींनी रजनीला सांगितलं आणि रजनीने भाजीच्या ठेल्यापाशी गोपाळकृष्णांना. "प्रतिभाताईंचा कॅमेरा अडकतोय म्हणे. आमच्या सासूबाई म्हणतायत, जवळ दुसरा एक हवाच." गोपाळकृष्णांना एवढं पुरे झालं. त्यांनी रुचिरला फोन केला, मोबाइलवर व्हिडिओ बघितले, वहीच्या मागच्या पानावर बॅटऱ्यांचे नंबर लिहिले.

"दुकान उघडलं की घेऊ आणि तसंच मंदिरात जाऊ," त्यांनी ठरवून टाकलं. "नव्या कॅमेऱ्याचा पहिला फोटो रामाचा. काय?"

"कशाला पण? नकोच ते," ती म्हणाली.

"का नको?"

ती उठून चहाचे कप विसळायला गेली.

*

सुमीतने जुना कॅमेरा कानाशी धरला आणि बटण दाबून ठेवलं. खटखटखटखट असा सुरेख, सलग आवाज दुकानभर झाला. त्याने लेन्स काढली, आत फुंकणीने हवा मारली, लेन्स पुन्हा बसवली, पुन्हा बटण दाबलं.

"ये तो एकदम मक्खन चल रहा है, आंटीजी."

"थंडीचं होत असेल," गोपाळकृष्ण लगेच म्हणाले. "पहाटे उंडाशाला नेला होता ना हिने. दव पडतं. आमचे रुळांचे पॉइंट्ससुद्धा थंडीत जाम व्हायचे."

"हो सकता है," सुमीत म्हणाला. त्याने बटणं दाबत फोटो बघायला सुरुवात केली. "फोटो तो साफ आ रहे हैं. अरे वा! भगवानजी ने टोपा पहना है!"

"जाड़े में पहनाते हैं," गोपाळकृष्ण कौतुकाने पुढे वाकले. "हमारी मावशी बुनती हैं. रामजी का लाल, लक्ष्मणजी का हरा, सीतामाई को शॉल. कार्तिकी पौर्णिमा से वसंत पंचमी तक. ऑपरेशनच्या पायाने पडल्या पडल्या विणल्यात या वर्षीच्या, बघा."

प्रतिभाने पडद्याकडे पाहिलं. समईच्या उजेडात लोकरीचा एकेक टाका दिसत होता. लक्ष्मणाच्या टोपीचा गोंडा किंचित डावीकडे कललेला होता.

जिन्यात शोधून काढलेला तो फोटो तिच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. पिवळी वस्त्रं होती, ती तर तिने नीट बघितली होती. पण अंगाला चंदनाची उटी होती. गळ्यात मोगरा होता. तिन्ही डोकी उघडी होती, नुसते मुकुट.

तिने काउंटरची कड धरली. काच गार होती.

"आणि हे कुठले?" सुमीत मराठीचा प्रयत्न करत म्हणाला. पडद्यावर पाणी होतं आणि पाण्यावर पंख. "क्या बात है! कहाँ के हैं?"

"उंडाशाचे," गोपाळकृष्ण म्हणाले. "परवा गुरुवारी..."

ते थांबले. त्यांनी हात पुढे करून कॅमेरा घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि स्वतःच बटण दाबू लागले. हंस. हंस. उडणारे हंस. मान मुरडून पंख साफ करणारा एक हंस. एकाही फोटोत काही अडकलेलं नव्हतं. त्यापुढे एकदम टोप्या घातलेले देव आले, पांढऱ्या वस्त्रांतले, शुक्रवारचे. ते एक फोटो मागे गेले. पुन्हा पुढे आले. दोन स्टेशनांच्या मधली गाडी कुठे गेली ते शोधण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांना एवढं पुरेसं होतं.

प्रतिभा वाट बघत होती. आता ते म्हणतील, अगं, मग गुरुवारचा देव कुठेय? सुमीतसमोरच म्हणतील. म्हणू देत, असंही तिला वाटलं.

गोपाळकृष्णांनी कॅमेरा बंद केला, झाकण लावलं आणि तिच्याकडे न बघता खणाच्या पिशवीत ठेवला.

"ठंडी में होता है कभी-कभी," ते सुमीतला म्हणाले. "अपने आप ठीक भी हो जाता है. आप ये हलकावाला दे दीजिए."

मग बिल झालं, वॉरंटीचा शिक्का झाला, गळ्यात अडकवायचा पट्टा सापडेना तो शोधून झाला. सुमीत "आंटीजी, आपका आशीर्वाद" म्हणत खोकं तिच्या हातात देत होता, तेव्हा भिंतीवरचं घड्याळ बाराच्या पुढे गेलेलं होतं.

गोपाळकृष्णांनी स्कूटर काढली. एरवी पुलावरून जाताना खाली गाडी दिसली की ती कुठली आणि किती लेट आहे हे ते सांगत. आज खालून मालगाडी चालली होती, लांबलचक, आणि ती पूर्ण जाईपर्यंत ते दोघं पुलावरच्या गर्दीत नुसते उभे राहिले. देवास गेटपाशी एका रिक्षावाल्याने आडवी रिक्षा घातली, त्यालाही त्यांनी मुकाट्याने वाट दिली. मांडीवरचं नवं खोकं प्रतिभाने दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. त्यांनी आपल्याला रागावावं असं तिला इतक्या वर्षांत कधी वाटलं नव्हतं.

गल्लीच्या तोंडाशी त्यांनी स्कूटर थांबवली. मंदिराचं दार लागलेलं होतं.

"संध्याकाळी पाचला उघडेल," ते म्हणाले. आणि ती उतरल्यावर, हँडलला अडकवलेली खणाची पिशवी काढून तिच्यापुढे धरत म्हणाले, "दोन्ही ने. मी घरी वरणाला फोडणी देतो. तू ये सावकाश."

*

रजनी दारातच भेटली. तिने ओठांवर बोट ठेवून प्रतिभाला बाहेरच्या सोप्यात घेतलं.

"बरं झालं बाई आलात, प्रतिभाताई. ताट केव्हाचं वाढून ठेवलंय. भात थंडगार झाला."

"माझ्यासाठी थांबल्यात?"

"तुमच्यासाठी कशाला, त्या आपल्या देवासाठी. तुम्हाला ठाऊक नाही?" रजनीला खरंच आश्चर्य वाटलं. "दर्शनाशिवाय घास नाही, असा नेम आहे त्यांचा. जुना. ऑपरेशननंतर गोळ्यांसाठी म्हणून डॉक्टरांनी सोडायला लावला होता. तुमचे फोटो सुरू झाले आणि पुन्हा धरला. मला म्हणाल्या, प्रतिभाला सांगू नकोस हां, उगीच जिवाला लावून घेईल पोर."

प्रतिभाने चपला काढल्या होत्या. फरशी पायांना बोचत होती.

"गुरुवारी?" तिने विचारलं.

"गुरुवारी तर कमालच केली. तुम्ही दाखवून गेलात तरी जेवल्या नाहीत. भूक नाही म्हणे. गोळीपुरतं दूध घेतलं कसंबसं. मी म्हटलं, मार्गशीर्षाचा उपास धरला की काय या वयात! तर म्हणाल्या, तसंच समज." रजनी हसली. "अहो, आत या ना. अशा काय उभ्या राहिलात?"

जयूमावशी खिडकीजवळच्या खाटेवर, पाठीशी दोन उशा घेऊन बसल्या होत्या. पायांवर रजई, रजईवर लोकरीचा गुंडा. हिरवा. बहुधा लक्ष्मणाची दुसरी टोपी सुयांवर होती.

"आणलास दुसरा?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"आणला."

"बघू."

प्रतिभाने खोकं त्यांच्या हातात दिलं. मावशींनी ते कानाजवळ नेऊन हलवलं, जसा नारळ हलवून बघतात, आणि रजईवर ठेवून सुया पुन्हा हातात घेतल्या.

"काय आहे यात आज?"

आता पुन्हा जिन्यात उभं राहता येणार नव्हतं. प्रतिभा खाटेजवळ जमिनीवरच बसली.

"काही नाही, मावशी. दार लागलं होतं." तिने पदराचं टोक मुठीत धरलं. "गुरुवारीपण लागलं होतं."

सुया थांबल्या नाहीत.

"तो फोटो जुना होता. वैशाखातला."

"माहीत आहे गं."

मावशींचा आवाज नेहमीसारखाच होता. त्यांनी ओळ संपवली, सुई बदलली.

"मार्गशीर्षाच्या थंडीत माझ्या लक्ष्मणाला उघड्या डोक्याने उभं केलंस तू. वर चंदनाची उटी! मला इथे रजईत हुडहुडी भरली. घास उतरेल का सांग?"

प्रतिभाला हसू येऊ पाहत होतं. ती खाली बघत राहिली. रजईचा एक टाका उसवलेला होता.

"कॅमेरापण अडकला नव्हता," ती म्हणाली. हे जास्त अवघड गेलं.

"ते यंत्रातलं मला काय कळतंय?" मावशींनी लोकर बोटाला गुंडाळली. "पण दुसरा घ्यायला मीच सांगितलं रजनीला. म्हटलं, दोन असले म्हणजे सांगायला काही उरणार नाही."

स्वयंपाकघरात रजनी पुन्हा भात गरम करत होती, त्याचा वास आला. मावशींनी एकदा तिकडे पाहिलं आणि नजर वळवली. तेवढं प्रतिभाने बघितलं.

"कुठे होतीस मग?"

"उंडाशाला. हंस आले होते."

"खरेखुरे?"

"खरेखुरे. बर्फाच्या डोंगरापलीकडून येतात."

"अगंबाई." मावशींच्या सुया पहिल्यांदा थांबल्या. "मग ते का नाही दाखवलेस?"

त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. आपण मावशींना खोटा देव दाखवला आणि खरे हंस लपवले, एवढंच प्रतिभाला समजलं. ती पदराने डोळे टिपत राहिली. मावशींनी टिपू दिलं. थोड्या वेळाने त्यांनी हात लांब करून तिच्या डोक्यावर टेकवला. हाताला लोकरीचा वास होता.

"दार लागलेलं असलं तर दाराचा काढायचा, पोरी."

"दाराचा?"

"मग? मी काय रोज वेळेवर पोचत होते? सासूबाईंचं सोवळं, पोरांच्या शाळा. धावत जावं तर दार लागलेलं. कितीदा! मग कडीला हात लावायचा, बाहेरून नमस्कार करायचा, घरी येऊन जेवायचं. तो आतच असतो ना? आपल्यासाठी दार लागलं म्हणून तो काय गावाला जातो?"

प्रतिभाने मान वर केली.

"फक्त आजचं दार आण," मावशी म्हणाल्या. "वैशाखातलं नको." आणि मग, सुया पुन्हा चालू करत, "हंस संध्याकाळी दाखव. सावकाश बघू."

प्रतिभा उठली. नवं खोकं तिने मावशींच्या रजईवर होतं तसंच राहू दिलं. खणाची पिशवी खांद्याला लावली आणि सोप्यात येऊन चपला घालू लागली.

रजनी हातात ताट घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली होती. ताटातून वाफ निघत होती.

"आता कुठे निघालात? मंदिर तर बंद झालं."

"हो," प्रतिभा म्हणाली. "ताट झाकून ठेव. आलेच."

ती जिना उतरली. गल्लीत ऊन होतं, समोर लाकडी दार आणि त्यावरची पितळी कडी दिसत होती. कॅमेरा तिने पिशवीतून अजून काढला नव्हता.